व्हॉल्व्ह तापेपर्यंत

फोन आला तेव्हा मी पुण्याजवळ सूसला धाकट्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये चहा घेत होते आणि मांडीवर तुम्ही परदेशातून पाठवलेलं पाकीट होतं. ईरा, निखिल, तुमच्या मैत्रिणीनं ते मोज्यांत गुंडाळून विमानातून आणलं होतं. अँप्लिफायरच्या चारही व्हॉल्व्हच्या काचा शाबूत आहेत ना, हे मी उजेडाकडे धरून बघत होते. पौडचे सलीमभाई, तुमच्या आबांचे मित्र, फोनवर एवढंच म्हणाले, "वैनी, लगीच निघा. साहेब... निघा तुमी." कोळवणच्या घरापर्यंत गाडी धक्के खात होती आणि मी ते पाकीट पोटाशी धरून बसले होते. जणू ते फुटलं नाही तर बाकी सगळं ठीक राहणार होतं.

तरुणपणी आबा हॉटेलातल्या बँडमध्ये गिटार वाजवत. पुढे इंजिनिअरची नोकरी, आमचं लग्न, तुम्ही दोघं यांत बँड सुटला, पण अँप्लिफायर राहिला. जुन्या रेडिओसारखा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, कोंबड्यांच्या खुराड्याएवढा. बटण दाबलं की व्हॉल्व्ह तापून लालसर व्हायला मिनिटभर लागायचं आणि मग गिटारला आवाज फुटायचा. निवृत्तीनंतर आम्ही कोळवणला आलो ती त्यांची हौस, माझी नव्हे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई. भातखाचरांच्या कडेला मी नेमकं काय करायचं, हा प्रश्न मी त्यांना अत्यंत सभ्य शब्दांत, पण रोज विचारत असे.

उत्तर त्यांच्या डोळ्यांनी दिलं. जवळचं दिसेनासं झालं आणि व्हॉल्व्ह बदलायचं काम माझ्याकडे आलं. दर खंडेनवमीला, घरातल्या कोयत्या-पान्यांची पूजा झाली की अँप्लिफायरला झेंडूचं फूल वाहायचं आणि मागची फळी काढायची. हातात जुन्या सुती साडीचा तुकडा. व्हॉल्व्ह पिळायचा नाही, किंचित हलवत सरळ ओढायचा. नव्याच्या पिना खाचांसमोर आणायच्या आणि अंगठ्यानं हलकेच दाबायचा. काढलेले एका डब्यात, नवे दुसऱ्यात. तुमच्या ट्रंका आवरतानाही मी इतकी काळजी घेतली नव्हती.

मग आबा बटण दाबायचे. "बस जरा, तापू दे." गिटार मांडीवर, तारांवर हात नाही. तुम्हाला माहीत आहे, आबा बोलणारे नव्हते. जेवताना 'मीठ' म्हटलं तरी पुष्कळ. पण त्या मिनिटात ते बोलत. स्वतःच्या आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या मिनिटात. "तुला इथं ओढून आणलं, चुकलंच माझं," हेही त्याच मिनिटात... माझ्याकडे न बघता, व्हॉल्व्हच्या लाल उजेडाकडे बघत. मग तार छेडून म्हणायचे, "बघ, कसा मोकळा झाला आवाज! तुझा हात लागला की फरक पडतो." मलाही फरक ऐकू यायचा. कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं.

आबांचा तेरावा झाला. निखिल, तू अँप्लिफायर मागितलास म्हणून मी सलीमभाईंना बोलावलं. त्यांचा मांडव-लाउडस्पीकरचा धंदा आहे, अशा वस्तू बांधून पाठवायची त्यांना सवय. मी साडीचा तुकडा आणि नवं पाकीट घेऊन बसले.

"फळी तेवढी काढून द्या," मी म्हटलं. "व्हॉल्व्ह मीच बदलणार. शेवटचे."

फळी निघाली, पण सलीमभाई समोरून हलेनात. "वैनी, ऱ्हाऊ द्या की."

"का?"

"त्येंचं आता काय काम न्हाई हितं." मान खाली. "आतला आवाजाचा ट्रान्सफॉर्मर जळाला, त्याला लई वर्षं झाली. तसला दुसरा कुटं मिळंना. मग आमी दोघांनी माझ्या स्पीकरच्या सेटातला ट्रान्झिस्टरचा बोर्ड बसवला. आवाज त्यातनं येतोय. ह्ये नुस्ते पेटत्यात."

"नुसते दिवे?"

"व्हय... दिवंच म्हना."

मी चारही व्हॉल्व्ह काढले. सवयीनं, साडीच्या तुकड्यानं. सलीमभाईंना म्हटलं, दाबा बटण. त्यांनी गिटारची वायर जोडून तार छेडली. लगेच आवाज आला. तोच, मोकळा.

"मला का नाही सांगितलं?"

"साहेब म्हनले, घरातलं येवढंच काम तिला आपलं वाटतंय. त्ये काढून घिऊ नगं."

"आणि तुम्ही दर खंडेनवमीला इथं पेढे खाऊन जात होता!"

"खात व्हतो, वैनी," ते म्हणाले. "ग्वाड लागत न्हवते."

पोळ्या लाटताना लहान मुलगी लुडबुड करू नये म्हणून तिच्या हातात कणकेचा गोळा देतात. मला तसा गोळा दिला होता. मी तो इतकी वर्षं मन लावून लाटला आणि माझा नवरा व त्याचा मित्र वाहवा करत राहिले. तुम्हीही परदेशात दुकानं धुंडाळलीत ती त्या गोळ्यासाठी. लोक म्हणतील, किती प्रेम होतं बघा. असेल. पण प्रेमानं फसवलं म्हणून फसवणूक गोड होत नाही. मला खरा राग वेगळाच आहे. आबा माझ्याशी खरं बोलले ते त्या एका मिनिटात, आणि ते मिनिटच खोटं होतं. काही तापायचं नव्हतं. बोलायचंच होतं तर सरळ बोलता आलं असतं, चहा पिताना, अंगणात, कुठेही.

निखिल, अँप्लिफायर तुला मिळेल. खाचा रिकाम्या ठेवूनच पाठवीन. बटण दाबलंस की वाजवायला लाग, थांबू नकोस.

अजून मात्र तो पुढच्या खोलीत खिडकीखाली आहे. संध्याकाळी मी बटण दाबते. आत लाल काही उजळत नाही, बारीक घरघर मात्र तत्क्षणी सुरू होते. तरी मी समोर वेताच्या मोड्यावर बसते, मिनिटभर. आता त्या मिनिटात मी बोलते. बरंच साठलं आहे... आणि सगळंच काही तुम्हाला सांगण्यासारखं नाही.