नानांची घडीची पुस्तकं

भास्करनाना जुनं पुस्तक उघडण्याआधी नाकाशी धरायचे. ओलसर वास आला, की घरात कोणी आजारी पडल्यासारखा त्यांचा चेहरा उतरायचा. मूळचे धुळ्याचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले नाना जळगावात आमच्या शेजारी राहत आणि दिवाळीच्या सजावटीच्या जुन्या पुस्तिका जमवत. अशा पुस्तिकेत आकाशकंदिलाच्या मापाचा मोठा कागद घडी घालून ठेवलेला असे. लोक तो कापून कंदील करत आणि उरलेलं पुस्तक रद्दीत देत. म्हणून नाना आधी घडी तपासत. म्हणायचे, "कापेल पुस्तकमा कंदील नही ऱ्हास, नुसतं कंदीलनं नाव ऱ्हास."

एका धनत्रयोदशीला सकाळी सावद्याहून त्यांच्या ओळखीच्या सुनीताने फोटो पाठवला. कपाट आवरताना सासूबाईंचं पुस्तक सापडलं होतं, घडी शाबूत होती. सासूबाई, मथुराबाई, लकव्याने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या दरवर्षी पुस्तक न कापता, नुसतं बघून करायच्या तो कंदील यंदा सुनीता करणार होती. कागद कापल्यावर जोडायचा कसा, एवढंच तिला विचारायचं होतं.

"हात नको लावू, मी येस," म्हणत नाना चप्पल शोधू लागले. त्यांची अवस्था पाहून मीही निघाले. एसटीत ते फोन लावत राहिले, पण भुसावळनंतर सुनीता उचलेना. कातर लागली असणार, असं ते खिडकीशी पुटपुटत होते.

आम्ही पोचलो तेव्हा सुनीता सासूबाईंना अंघोळ घालत होती. न कापलेला कागद आणि कात्री शेजारी शेजारी पडली होती. नाना तिथेच जमिनीवर बसले. घडी उलगडताना कागद करकरला, एका कडेला चीर गेली आणि त्यांचे हात थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी वर बटर पेपर अंथरला आणि न दाबता पेन्सिल फिरवली. माप उतरवून घेऊन कंदील वेगळ्या कागदाचा केला.

संध्याकाळी मथुराबाईंची खाट दाराशी ओढली. कंदिलाकडे बघत त्या अडखळत म्हणाल्या, "झिरमिळ्या आखूड झाल्या." नानांनी लांब झिरमिळ्या कापल्या.

निघताना त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं. मथुराबाईंनी आपला चालता हात त्यावर ठेवला. नानांनी मागितलं नाही.

पण काळजी सुटली नाही. ती पोर घडी उलटी तर घालणार नाही, पुस्तक स्वयंपाकघराजवळ तर ठेवणार नाही, हे ते वर्षभर मला विचारत राहिले. पुढच्या पावसाळ्यात छातीत पाणी झालं म्हणून दवाखान्यात पडले, तेव्हाही तेच. शेवटी मी सुनीताला फोन लावला. ती कपाटाशी गेली. पलीकडून काही बोलणं येईना, तशी मीच घाबरले. मग म्हणाली, आहे, कोरडं आहे, घडी तशीच आहे.

मी नानांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"पिनास्ले गंज नही ना? गंज कागद खाई टाकस."

पुस्तकाच्या शिवणीतल्या पिनांचं मी विचारलं नव्हतं. पुन्हा फोन लावायला व्हरांड्यात गेले. गंज नव्हता. सांगायला आत आले, तर नानांचा डोळा लागला होता. उठवायला नको म्हणून मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

ते उठले नाहीत.