नेव्हिल ऑडलिंगचा एका दिवसाचा विमा

लाउथच्या दंतवैद्याकडे नंबर यायला वेळ होता, म्हणून नेव्हिल ऑडलिंगने समोरचं मासिक उचललं आणि त्यातल्या एका जाहिरातीत त्याला चूक सापडली. हॅगथॉर्पच्या जुन्या लष्करी विमानतळावर गाड्या पळवायचा वळणावळणांचा मार्ग केलेला होता. तिथे कोणीही आपली रोजची गाडी घेऊन यावं, पैसे भरावेत आणि दिवसभर चालवावी, असं त्या जाहिरातीत होतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'वेगमर्यादा नाही.' पुढचा आकडा छापायचा राहिला असणार. घरी येऊन, अर्धं तोंड बधिर असतानाच, नेव्हिलने तिथे फोन लावला.

"चूक नाहीये ती," पलीकडची मुलगी म्हणाली. "खरंच मर्यादा नाही."

"म्हणजे किती?"

"म्हणजे तुमची गाडी जाईल तेवढी."

नेव्हिलने एप्रिलमधल्या एका मंगळवारची जागा नोंदवून टाकली. हे आपण का केलं, ते त्याला फोन ठेवल्यावरही नीट सांगता आलं नसतं.

नेव्हिल सहासष्ट वर्षांचा होता. त्यातली एकतीस वर्षं त्याने लोकांच्या गाडी चालवण्याच्या परीक्षा घेण्यात घालवली होती. चाळीस हजारांवर माणसं त्याच्या उजव्या हाताला बसून घामाघूम झाली होती. गाव लहान आणि परीक्षक दोनच, तेव्हा निम्म्या गावाला त्याने कधी ना कधी नापास केलेलं होतं. खाटकाला केलं होतं, खाटकाच्या दोन्ही मुलींना केलं होतं, आणि चर्चमध्ये लग्न लावणाऱ्या पाद्र्यालाही, तेही पाद्र्याच्या स्वतःच्याच लग्नाच्या आदल्या दिवशी. लोकांनी डूख धरला नव्हता. फक्त नेव्हिल पबमध्ये शिरला की माणसं खुर्चीत जरा सरळ बसत, आणि तो निघाला की दोघेचौघे खिडकीशी येऊन तो गाडी काढताना आरसा बघतो की नाही ते बघत. तो बघायचा.

निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी जपानी गाडी घेतली होती. दोनच माणसांची, छत उघडणारी, हिरवी. ती तो ताशी चाळीस मैलांच्या वर नेत नसे.

"तुला नक्की काय सिद्ध करायचंय?" बायकोने, ग्लेनिसने, विचारलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं होती आणि प्रश्न एकदाच विचारायची.

"काही नाही. मला एक वळण घ्यायचंय."

"आपल्या गल्लीच्या टोकाला आहे की वळण."

"तिथे वीसची पाटी आहे."

त्या मंगळवारी मी हॉर्नकॅसलला बहिणीकडे जाईन, एवढंच ग्लेनिस म्हणाली.

नेव्हिलने मग गाडीच्या विम्याची पुस्तिका काढली. बेचाळीस पानं. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला त्या परगण्यात तो एकटाच असावा. एकतिसाव्या पानावर कलम होतं : शर्यतीचा मार्ग, विमानतळ किंवा तत्सम जागी गाडी चालवल्यास, शर्यत असो वा नसो, कंपनी जबाबदार नाही. नेव्हिलला हे रास्त वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाजारचौकातल्या विमा दलालांच्या कचेरीत गेला.

टेबलामागे कर्स्टी मॉल्टबी होती. वय चाळिशीच्या आसपास, कानावर पेन्सिल. तिने वर पाहिलं आणि पेन्सिल काढून हातात धरली.

"मिस्टर ऑडलिंग! परीक्षावाले!"

"होतो."

"मला तुम्ही तीनदा नापास केलंय. आठवतं?"

नेव्हिलला चेहरे आठवत नसत, पण चुका आठवत. तो तिच्या हातांकडे बघत राहिला. "दोनदा आरसा," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा दुधाची गाडी."

"दुधाची गाडी चुकीची उभी होती!"

"हो. पण ती उभी होती."

कर्स्टीने श्वास सोडला आणि फॉर्म पुढे ओढला. अशा एका दिवसाचा विमा मिळतो, ती म्हणाली. त्यात फक्त आपली गाडी धरलेली असते. दुसऱ्याच्या गाडीला लागलं तर ज्याचं त्याने बघायचं, तिथला नियमच तसा आहे. इंजिन आपणहून बसलं तर काही मिळत नाही. नुकसानीचा पहिला हिस्सा आपल्या खिशातून. सकाळच्या सूचना ऐकल्या नाहीत तर विमा रद्द. आणि वेळ मोजायची नाही. वेळ मोजली की ती शर्यत होते.

"गाडीत घड्याळ आहे," नेव्हिल म्हणाला.

"ते चालेल."

"तसं लेखी द्याल?"

कर्स्टीने लेखी दिलं. मग प्रश्न सुरू झाले.

"याआधी अशा ठिकाणी किती वेळा चालवलीय?"

"एकदाही नाही."

"गाडीत काही बदल केलेत?"

"पायाखालची चटई नवी आहे."

"अपघात?"

"माझ्या हातून एकही नाही. शेजारी बसून एकोणीस."

कर्स्टीने 'शून्य' लिहिलं. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "गाडीच्या परीक्षेत स्वतः कधी नापास झालायत?"

"हा प्रश्न फॉर्मवर आहे?"

"हो तर," कर्स्टी धादांत खोटं बोलली.

नेव्हिलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दोनदा," तो म्हणाला. "एकोणीसशे अडुसष्ट साली. ग्रिम्सबीला."

कर्स्टीला हसायचं होतं, पण तो असा बसला होता की हसता येईना. हे लिहायला फॉर्मवर जागाही नव्हती. तिने सही घेतली आणि त्याला दारापर्यंत सोडायला गेली, जे ती कोणासाठीच करत नसे.

घरी आल्यावर नेव्हिलने ग्लेनिसला सांगून टाकलं. कचेरीतल्या बाईला माहीत आणि बायकोला नाही, हे बरं दिसलं नसतं.

"माहितीये मला," ग्लेनिस कणीक तिंबत म्हणाली. "तुझ्या आईने साखरपुड्यालाच सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विषय काढशील म्हणून थांबले होते."

थांबली होती ती चव्वेचाळीस वर्षं.

मंगळवारी वारा होता. हॅगथॉर्पला तीसेक गाड्या आल्या होत्या आणि त्यांच्याभोवती माणसं चहाचे कप धरून उभी होती. त्यांच्यात विमा उतरवलेला नेव्हिल एकटाच होता. बाकीच्यांचा हिशेब सरळ होता : धडकायचं नाही. सूचनांच्या वेळी नेव्हिल पहिल्या रांगेत वही घेऊन बसला आणि त्याने दोन शंका विचारल्या.

पहिल्या फेऱ्यांना शेजारी शिकवणारा घ्यायचा होता. तो आला, रुंद खांद्यांचा, हेल्मेट काखेत. नेव्हिलला पाहून जागीच थबकला.

"आईशप्पथ," तो म्हणाला. "डीन लॅमिंग. चार वेळा."

नेव्हिलने त्याच्या डाव्या पायाकडे पाहिलं. "क्लच."

"तीनदा क्लच. चौथ्यांदा कोंबडी." डीन आत येऊन बसला आणि पट्टा आवळू लागला. "रस्त्यात कोंबडी आली, मी चाक फिरवलं, तुम्ही नापास केलंत. पाचव्यांदा तुम्ही रजेवर होतात. चला, काढा गाडी."

नेव्हिलने सीट तपासली, आरसे तपासले, खांद्यावरून मागे पाहिलं आणि निघाला. पहिल्या वळणाआधी त्याने डावीकडचा दिवा लावला. दुसऱ्याआधी उजवीकडचा.

"दिवा कशाला?" डीनने विचारलं.

"मागच्याला कळावं मी कुठे वळतोय."

"मागच्याला माहितीये, मिस्टर ऑडलिंग. इथे दुसरा रस्ताच नाहीये."

नेव्हिलला हे पटायला दोन फेऱ्या लागल्या. तोवर सगळ्या गाड्या त्याला मागे टाकून गेल्या होत्या, त्यातली एक शाळेत मुलं सोडायला वापरतात तसली होती आणि तिच्या मागच्या काचेला अजून बाळासाठीचा उन्हाचा पडदा अडकवलेला होता. डीन ओरडला नाही. 'वळणाच्या तोंडाशी बघू नका, जिथे बाहेर पडायचंय तिथे बघा,' हे एकच वाक्य तो परत परत म्हणत राहिला. आठव्या फेरीला नेव्हिलने तसं बघितलं. गाडी आपणहून तिकडे गेली. त्याच्या पोटात काहीतरी हललं. त्याला वाटलं सकाळचं डुकराचं मांस बाधलं. दहाव्या फेरीलाही तसंच झालं, तेव्हा ते मांस नव्हे हे त्याच्या लक्षात आलं.

"बरं चालवताय," डीन म्हणाला. नेव्हिलने आजवर कोणालाही 'बरं चालवताय' म्हटलेलं नव्हतं. 'पास' म्हटलं की काम भागत असे.

दुपारी तो एकटा चालवू लागला. वेग सत्तरवर गेला, मग ऐंशीवर. त्या बाळाच्या पडद्याच्या गाडीला त्याने मागे टाकलं, आणि टाकताना हात वर करून आभार मानले.

तीनच्या सुमारास, धावपट्टीच्या टोकाच्या वळणातून बाहेर पडताना, समोर मधोमध एक ससा बसलेला दिसला. लिंकनशर परगण्यातला ससा, कुत्र्याएवढा. अशा वेळी काय करायचं हे नेव्हिलला झोपेतही सांगता आलं असतं : चाक सरळ ठेवायचं आणि ब्रेक दाबायचा. जनावरासाठी गाडी वळवायची नाही. त्याने चाक फिरवलं. गाडी दीड गिरकी घेऊन गवतातून गेली आणि रचून ठेवलेल्या टायरांवर डाव्या अंगाने आदळली.

नेव्हिलने इंजिन बंद केलं. हातब्रेक ओढला. धोक्याचे दिवे लावले. मग तो तसाच बसून राहिला.

डीन धावत आला. "लागलं का?"

"नाही."

"काय झालं?"

"ससा."

डीनने चारी दिशांना पाहिलं. "कुठाय?"

"गेला."

"आणि तुम्ही चाक फिरवलंत." डीन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या मनात बरंच काही आलं असणार, पण त्याने एवढंच विचारलं, "मग?"

"नापास," नेव्हिल म्हणाला.

डीनने त्याला हात देऊन बाहेर काढलं आणि त्याच्यासाठी चहा आणला, तीन चमचे साखर घालून.

भरपाईचा अर्ज नेव्हिलने दोन दिवस बसून लिहिला. सोबत पट्टी लावून काढलेली आकृती जोडली. तो वाचून कर्स्टीने त्याला फोन केला.

"'ससा आडवा आला' एवढं लिहायचं होतं, मिस्टर ऑडलिंग. तुम्ही लिहिलंय, 'चालकाने ब्रेकऐवजी चाक फिरवले. गंभीर चूक. सशाचा काहीही दोष नाही.' सशाचं कशाला?"

"त्याने दोन्हीकडे पाहिलं होतं."

"चूक कोणाची यावर पैसे अवलंबून नाहीत, हे माहितीये ना तुम्हाला?"

"म्हणूनच खरं लिहायला हरकत नव्हती."

अर्ज वर गेला आणि अडकला. वरच्या साहेबांना आजवर हजार कारणं वाचायला मिळाली होती : ओला रस्ता, खराब टायर, पुढचा गाढव. स्वतःची चूक स्वतःहून लिहिणारा पहिलाच, तेव्हा यात काहीतरी पाणी मुरतंय अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी लिहून विचारलं : ससा आणखी कोणी पाहिला का?

डीनने पाहिला नव्हता, आणि पाहिला असं तो म्हणाला असता तरी नेव्हिलने लिहू दिलं नसतं. कर्स्टीने सुचवलं, ससा काढून टाकू, नुसतं 'ताबा सुटला' म्हणू, आठवड्यात पैसे येतील.

"ससा होता," नेव्हिल म्हणाला. त्या रात्री जेवताना त्याने ग्लेनिसला ते पत्र दाखवलं आणि बहुधा गाडी आपल्याच पैशाने दुरुस्त करावी लागेल, असं सांगितलं.

ग्लेनिसने पत्र वाचलं, चष्मा काढला. "होता ससा," ती म्हणाली. "डावा कान फाटलेला."

"तुला काय माहीत?"

"कुंपणाच्या बाहेर उभी होते. त्या वळणापाशीच. सकाळी दहापासून."

"तू हॉर्नकॅसलला होतीस."

"बस तिथून पुढे जाते."

नेव्हिलने काटा खाली ठेवला. "पाच तास? त्या वाऱ्यात?"

"थर्मास नेला होता." ती मटार उगाच ताटाच्या कडेला सारत राहिली. "काही झालं असतं तर मला फोनवरून कळायला नको होतं. पहिल्या तासाला तर मला तुझी लाज वाटत होती, नेव्हिल. ती बाळाच्या पडद्याची गाडी पुढे गेली तेव्हा तर मी दुसरीकडे बघितलं. पण मग दुपारी तू हसायला लागलास. हेल्मेटमधूनसुद्धा दिसत होतं. प्रत्येक फेरीला त्याच जागी."

"मी हसत नव्हतो."

"बरं."

तिने शाळेच्या जुन्या वहीतलं पान फाडलं आणि तिथेच लिहिलं : वेळ, जागा, सशाचा रंग, कान. पतीच्या हसण्याबद्दलही एक ओळ होती. ती नेव्हिलने विषयाशी संबंध नाही म्हणून वगळायला सांगितली आणि ग्लेनिसने ठेवली. कर्स्टीने ते पान जसंच्या तसं वर पाठवलं. नऊ दिवसांनी, पहिला हिस्सा कापून, पैसे मंजूर झाले.

हिरव्या रंगाचा डावा दरवाजा मिळाला नाही म्हणून लाल बसवला. तशाच दुरंगी गाडीतून नेव्हिल सप्टेंबरात पुन्हा हॅगथॉर्पला गेला. विम्याचा दर वाढला होता. या वेळी ग्लेनिस कुंपणाच्या आत होती, डीनच्या शेजारी घडीची खुर्ची टाकून, आणि नवरा पुढून गेला की डीनला विचारत होती, "आता त्याने काय चुकवलं?" डीन सांगत होता. दुपारी तिघांनी तिथल्या टपरीवर चिप्स खाल्ले. ते ग्लेनिसला तेलकट लागले आणि पुढच्या खेपेला तिने घरून सँडविच नेले, चौघांना पुरतील एवढे, कारण कर्स्टीने सुट्टी काढली होती.