सुलभाताईंचा आवाज

परवा सुलभाताईंना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. रेडिओवरच्या श्रुतिकांमध्ये आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं एकत्र काम केलं. पुढे निधी नाही म्हणून श्रुतिका बंद झाल्या. तेव्हा ताईंनी एका कंपनीसाठी आठवडाभर नुसती सुटी सुटी वाक्यं वाचून दिली होती.

बाकावर आमच्या गप्पा चालल्या होत्या. इतक्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला, "गणपत शिंदे, खोली क्रमांक दोन." ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"अगं, हा माझा आवाज आहे. पण हे मी कधी बोललेच नाही!"

"काकू, ते कॉम्प्युटर बोलतो," काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली. "त्यात माणूस नसतं कुणी."

मी मात्र ऐकत राहिले. ताईंच्या सुट्या वाक्यांतून घडवलेल्या त्या आवाजाला धाप लागत नव्हती, वय होत नव्हतं. आवाज माणसाबरोबर थकतो, म्हणून तर तो त्याचा असतो, असं मी आजवर समजत होते. गेल्याच महिन्यात मीही अशीच वाक्यं वाचून आले होते. कागदावर सही करताना त्यात काय लिहिलंय, ते वाचलंसुद्धा नव्हतं.

"सुलभा देशमुख, खोली क्रमांक एक."

ताई उठल्या. त्यांनी घसा खाकरला आणि स्पीकरकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा थरथरत्या आवाजात म्हणाल्या, "आले."