हिरवं घड्याळ आणि खिशातला हात

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या वसाहतीत नळ आठवड्यातून एकदा यायचा, आणि बाबांनी नेमकं तेव्हाच घड्याळ करायला घेतलं. त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला होता. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र रुसून बसला. डॉक्टर म्हणाले, बोटं चालती ठेवा. आईनं लसूण सोलायला दिला. जन्मभर चिकलठाण्याच्या कारखान्यात यंत्रं तपासलेल्या माणसाला लसूण! मलाच राग आला.

निवृत्त होताना बाबांनी भंगारात निघालेल्या ऑसिलोस्कोपची, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची, गोल पिक्चर ट्यूब मागून आणली होती. तांब्याच्या तोंडाएवढा पडदा, मागं लांब मान. तिच्यावर हिरव्या रेघेनं आकडे काढायचे, असा बेत ठरला.

अशा ट्यूबला भलतीच जास्त वीज लागते, आणि बंद केल्यावरही आत डंख उरतो. म्हणून बाबांच्या खात्यात एक रीत होती: उघड्या यंत्रात एकच हात घालायचा, दुसरा खिशात. दोन्ही लागले तर वीज छातीतून जाते. बाबांनी उजवा खिशात घातला आणि डाव्यानं सोल्डरिंग शिकले. शिस्तही पाळली जायची आणि हातही लपायचा. "तो हात बाहेर कधी निघायचा गं?" आई मला विचारायची, त्यांना नाही.

घड्याळ झालं. काळ्या पडद्यावर हिरवे आकडे उमटले, तेव्हा आईनं कौतुकानं भिंतीवरचं जुनं घड्याळ उतरवून ठेवलं. हे नवं घड्याळ विजेचे हेलकावे मोजायचं. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, म्हणून पन्नास झाले की एक सेकंद पुढं. वीज जाऊन आली की पुन्हा लावावं लागायचं, ते ठीक. पण ते दिवसभरात चांगलंच मागं पडायला लागलं. बाबांनी सगळे जोड पुन्हा तपासले. चूक सापडेना. त्यात एकदा आम्ही त्याच्या भरवशावर राहिलो आणि नळ येऊन गेला.

"लई झालं तुमचं घड्याळ," आई रिकाम्या पिंपाशी उभी राहून म्हणाली. "आता पळा टँकरमागं."

बाबांनी घड्याळ बंद केलं आणि वर टॉवेल टाकला. "हात गेला, आता डोकं बी गेलं," एवढंच म्हणाले. मी घाबरले. तो टॉवेल मला बघवत नव्हता.

दिवाळीत आईनंच तो काढला. सणाला घरातलं काही अंधारात ठेवायचं नाही, हा तिचा हेका. न्हाणीघरातही पणती ठेवणारी बाई ती. तिनं रेडिओवरून वेळ जुळवली, घड्याळ लावलं आणि चकल्यांकडे वळली. पाडव्याला रेडिओवर बातम्या लागल्या आणि बाबा ताटावरून उठले. घड्याळ बरोबर होतं. भाऊबीजेलाही बरोबर.

"कारखाने बंद हायेत!" बाबा ओरडलेच. "एरवी कारखाने, नव्या वसाहती, बोअरच्या मोटारी, सगळे विजेलाच ओढायलेत. वीज दमती, तिचे हेलकावेच कमी पडतेत. घड्याळ बरोबरच मोजायलं होतं!"

"म्हंजे तुमचं चुकलं नव्हतं?" आईनं विचारलं.

"नाय!"

आई मटकन खाली बसली आणि हसत सुटली. "मग त्या विजेलाच पळवा टँकरमागं."

मला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. बाबांचं डोकं शाबूत होतं.

सुटी संपली, कारखाने सुरू झाले, घड्याळ पुन्हा रेंगाळायला लागलं. आता कुणी चिडलं नाही. विजेच्या नादी लागायचं नाही, आत स्वतःचा ठोका देणारा क्रिस्टल बसवायचा, असं बाबांनी ठरवलं आणि घड्याळाची पेटी उघडून बसले. मी चहा घेऊन गेले. सवयीनं आधी खिशाकडे बघितलं. हात खिशात होता, पण डावा. उजवा पेटीत होता, थरथरत, सोल्डरगन धरून.

"बाबा..."

"चहा ठेव तिथं," वर न बघता ते म्हणाले. "नियम मोडला नाय मी. एकच हात हाये आत."