साडूंचा धोतराचा मांडव

आमच्या थोरल्या साडूंइतकी भाजीपाल्यावर माया करणारा माणूस सबंध मुरूम गावात झाला नाही, आणि त्या भाजीपाल्यावर माझ्याइतका जळणारा माणूसही झाला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले, कचेरीत कारकून. मी शाळेत मराठीचा मास्तर. आमच्या परसांच्या मधे एक बुटकी भिंत. जमीन तीच, विहीर एकच, तरी त्यांच्या वांग्यांना तुकतुकी आणि माझ्या वांग्यांना कीड. सासुरवाडीला जावयांची तुलना होतेच. ती पगारावरून झाली असती तर एक वेळ सोसलं असतं, आमची व्हायची ती वांग्यांवरून.

दसरा झाला की त्यांची हिवाळ्याची तयारी सुरू व्हायची. तिला ते ‘बंदोबस्त’ म्हणत. आधी पावसाळ्यातले दोडक्याचे वाळके वेल मुळासकट उपटून गावाबाहेर नेऊन जाळायचे, कारण परसात पडू दिले तर रोग शेजाऱ्याकडं जातो म्हणे. शेजारी म्हणजे मी, आणि रोगाच्या बाबतीत माझे वेल कुणाच्या उपकारात नव्हते. मग जमीन खणून आठ दिवस उन्हात तापवायची, लेंडीखत चाळणीनं चाळून घालायचं, आणि मांडवाच्या कामट्या एकेक करून चुन्याच्या पाण्यानं धुवायच्या. मांडव म्हणजे कामट्या कमानीसारख्या वाकवून केलेला लांबट बोगदा, आणि त्यावर जुनी धोतरं शिवून घातलेलं, बाजूंनी पडद्यासारखं वर बांधता येणारं पांघरूण. धोतरांना जवसाच्या तेलाचे दोन हात दिले की ती मेणकापडासारखी व्हायची. उजेड आत जायचा, गारठा बाहेर राहायचा. तेल वाळेपर्यंत पंधरा दिवस गल्लीतल्या बाया नाकाला पदर लावून जायच्या. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती, स्वतःच्या डोक्यातनं काढली होती, हे मला जास्त झोंबायचं. धोतरं सगळ्या नातलगांकडून जमवलेली. एकदा वाकून आत गेलो, तर टोमॅटोच्या डोक्यावर जरीकाठी धोतर. माझं, लग्नातलं.

“पेटीत पडून काय करत होतं ते?” बायको म्हणाली. “दाजींकडं कामाला तरी आलं.”

मांडवात ते पायताण काढून शिरत. वांग्यांशी मराठीत बोलत आणि टोमॅटोशी उर्दूत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, “वांगं घरचं आहे मास्तर. हे परक्या मुलखातले पाहुणे, अदबीनं बोलावं लागतं.” हे ऐकून मीही एकदा आमच्या मेथीशी दोन शब्द बोललो. बायकोनं खिडकीतून पाहिलं आणि दुपारी जेवताना विचारलं, “मेथी काय म्हणते?”

आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस म्हणतात. त्या दिवशी घरंच्या घरं शेतात जाऊन जेवतात, आणि मुख्य पदार्थ असतो भज्जी. हाताला लागेल ती ताजी भाजी तिच्यात पडते. सासऱ्यांच्या शेतात आम्ही सगळे जमायचो, आणि सासूबाई दरवर्षी पातेल्यात डाव फिरवत म्हणायच्या, “थोरल्या जावयाच्या मांडवातली भाजी हाय, चव येणारच.” एका तरी येळवशीला हे वाक्य माझ्या नावानं ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. माणसं याहून मोठ्या इच्छा धरतात, पण मला हीच छळायची.

एका वर्षी येळवशीच्या आठवडाभर आधी साडू आणि अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, भाचीच्या लग्नाला माकणीला निघाले. जाताना साडू माझ्याकडं आले. “मास्तर, चार दिवस एवढी मेहेरबानी करा. सकाळी मांडवाचे पडदे वर बांधा, दिवस मावळताना पडदे सोडा. बस्स.”

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी मांडवापाशी गेलो. गारवा चांगलाच सुटला होता. आत घेवडा शेंगांनी लगडलेला, टोमॅटो नुकते लाल व्हायला लागलेले. पडद्याच्या गाठीला हात घातला आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. पडदे सोडा, म्हणजे नेमकं काय? नाद सोडा, विषय सोडा, तसं पडदेही सोडा, म्हणजे आहेत तसे राहू द्या. अर्थ व्याकरणात बसत होता. खरा अर्थ काय ते मला पक्कं ठाऊक होतं, पण मी हात काढून घेतला आणि घरी येऊन गरम भाकरी खाल्ली. चारही संध्याकाळी तेच केलं.

साडू परत आले तेव्हा घेवडा आणि टोमॅटो गारठ्यानं काळे पडून लोंबत होते. ते मांडवात बराच वेळ बसून राहिले. बाहेर आल्यावर मी न विचारता सांगून टाकलं, “तुम्हीच म्हणालात, पडदे सोडा. म्हणून सोडून दिले.”

त्यांनी पायताण पायात सरकवलं. मग हळूच म्हणाले, “व्हय की. खाली करा म्हणायला पाहिजे होतं. आमचं मराठी कच्चं, मास्तर. तुमची काय चूक?”

त्या येळवशीला भज्जीत माझी मेथी आणि माझी गाजरं पडली. “यंदा धाकल्या जावयाची भाजी हाय,” सासूबाई म्हणाल्या. साडूंनी दोनदा मागून घेतली आणि “लई झकास” म्हणाले. बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं तिनं पाहावं म्हणून मी इतकी वर्षं झुरत होतो. मी ताटातली भज्जी बाजूला सारून नुसती भाकरी खाल्ली.

येळवस झाल्यावर साडू खरोखरच वही घेऊन रोज माझ्याकडं मराठी शिकायला यायला लागले, आणि फी म्हणून पिशवीभर वांगी आणायला लागले. त्यांच्या मराठीत शिकवण्यासारखं काही नव्हतं. मी आपला एखादी वेलांटी खोडून पुन्हा तशीच काढायचो. पडद्यांचं खरं काय ते आज सांगू, उद्या सांगू, असं करत तीन हिवाळे गेले. शेवटी शेवटी ते माझ्यापेक्षा चांगलं लिहायला लागले आणि, खोटं कशाला बोलू, मला त्याचाही हेवा वाटला.

साडू गेले. सांगायचं ते राहूनच गेलं. यंदा माझी वांगी कधी नव्हे ती चांगली आली. बायकोनं एक हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि म्हणाली, “दाजी पाहिजे होते बघायला.” एरवी मला ते झोंबलं असतं. पण मीही मनात तेच म्हणत होतो.