ओळख न दाखवणाऱ्या प्रमिलाबाई

विद्यापीठातील नोकरीच्या मुलाखतीत प्रमिलाबाईंना मी पहिल्यांदा पाहिले. समितीतील एका तज्ज्ञांनी इंग्रजीत प्रश्न विचारला आणि कुंडलच्या मराठी शाळेत सदैव पहिली येणाऱ्या माझी वाचाच बसली. बाईंनी माझ्यासमोर पाण्याचा पेला सरकवला. "मी खेड्यातली बाई आहे असं समज. एचआयव्हीची तपासणी म्हणजे काय, ते मला सांग," त्या म्हणाल्या. मी सांगू लागले. मध्येच त्यांनी विचारले, "आणि आमच्या सासूबाईंना कळलं तर गं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तरीही नोकरी मिळाली. उत्तर शोधण्याचेच ते काम होते, हे पुढे उमगले.

एचआयव्हीवरील आमचे संशोधन अनेक हातांनी चालते. सांगलीच्या रुग्णालयातील डॉक्टर, विद्यापीठाची प्रयोगशाळा, समाजकार्य विभाग आणि परदेशातील एक सहयोगी विद्यापीठ या सर्वांची मोट बाईंनी बांधली आहे. परवानग्या मिळवणे, रक्ताचे नमुने वेळेत पोहोचवणे, रुसलेल्या प्राध्यापकांची समजूत काढणे, सारे त्यांच्याकडेच. एकदा परदेशी सहकाऱ्यांनी सहभागी रुग्णांचे पत्ते मागितले. बाईंनी शांतपणे उत्तर दिले, "आमच्याकडे गावाचं नाव आणि आडनाव सांगितलं की माणूस सापडतो. पत्ते मिळणार नाहीत." काम काही काळ अडले, बाई मात्र हटल्या नाहीत. अखेर पत्त्यांवाचूनच ते पुढे गेले.

बाजारात किंवा एसटी स्टँडवर एखादा सहभागी रुग्ण दिसला, तर बाई स्वतःहून ओळख दाखवत नाहीत. समोरच्याने हाक मारली तरच थांबतात. एकाला नमस्कार करावा आणि दुसऱ्याला टाळावे, तर लोक तर्क करतात. म्हणून त्या कोणालाच आपण होऊन हाक मारत नाहीत. यामुळे अनेक जण त्यांना गर्विष्ठ समजतात. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या, माणसांच्या लोभी. हे त्यांना किती जड जात असेल, ते मी जाणते.

पुढील प्रसंग आमच्या संशोधनात सहभागी असलेल्या एका ताईंच्या संमतीने लिहीत आहे. लग्न कोणाचे, कोठले, हे मुद्दाम सांगत नाही.

आमच्या नात्यातील त्या लग्नाला माझ्या आग्रहाखातर बाई आल्या होत्या. पंगत बसली. वाढणाऱ्यांमध्ये त्या ताई होत्या. बाईंना पाहताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या आजाराची आणि सांगलीच्या औषधांची घरी कोणाला कल्पना नव्हती. तेवढ्यात आमचे काका अभिमानाने गरजले, "ह्या आमच्या पोरीच्या सायबीण! एड्सचा अभ्यास करत्यात!"

शेजारच्या पाटावरून ताईंच्या सासूबाई वळल्या. "मंजी सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात व्हय? आमची सून बी जाती की तिथं, अंगात रगत कमी हाय म्हणून. वळखता का हिला?"

पंगत ऐकू लागली. ताई खाली मान घालून पुढच्या पानावर वरण वाढू लागल्या.

"आवं मावशी, तिथं सगळा जिल्हा लोटतो," बाई हसून म्हणाल्या. "मी कागदांत डोकं घालून बसणारी. आमच्या शिपायाचं तोंडबी माझ्या ध्यानात राहत न्हाई!"

"मग पगार कशाचा घेता वो?" कोणीतरी विचारले आणि हशा पिकला. कधीही खोटे न बोलणाऱ्या बाईंना मी खोटे बोलताना ऐकले ते तेव्हाच. नंतर त्या "गाडी चुकेल" म्हणत ताटावरून उठल्या. आपण समोर असेपर्यंत ताईंची मान वर होणार नाही, हे त्यांनी ताडले होते. काका दुखावले. "तुझ्या बाईंना आमचं जेवाण चालंना व्हय गं?" मी विषय बदलला आणि नंतर हे बाईंच्या कानावर घातले. बाई एवढेच म्हणाल्या, "नावं ठेवतील थोडे दिवस. ठेवू देत."

आमची खरी धास्ती निराळीच होती. ताई घाबरून यायच्या थांबल्या, तर औषधे तुटणार. फोन करावा, तर तो घरात दुसराच कोणी उचलायचा. बाईंनी फोन केला नाही. औषधे न्यायच्या ठरलेल्या दिवशी मात्र रुग्णालयात सकाळपासून दाराकडे पाहत बसल्या. दुपारी ताई आल्या.

"बाई, तुमी उपाशी गेलासा."

"घरी पिठलं-भाकरी खाल्ली गं. तू गोळ्या घेतल्यास ना?"

त्यानंतर बऱ्याच काळाने, धीर एकवटून, ताईंनी स्वतःच सासूबाईंना सारे सांगितले. घरात रडारड झाली, अबोला झाला. आता त्याच सासूबाई सुनेला घेऊन तपासणीला येतात आणि गोळ्यांची वेळ टळली की तिला रागावतात. लिहिण्याविषयी विचारले, तेव्हा ताई म्हणाल्या, "लिवा की. नाव तेवढं घालू नका. माझं मी कवा सांगायचं, ते बाईंनी माझ्यावर सोडलं, एवढं मातुर लिवा."

प्रमिलाबाईंनी साठाव्या वर्षात पदार्पण केले आहे. त्यांचे गुडघे कुरकुर न करोत, चष्म्याचा नंबर आहे तेथेच राहो. हा आजार लपवण्याची कोणालाच गरज उरणार नाही, असा दिवस त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. आणि त्यानंतरही खूप वर्षे, "आता मला कामच उरलं नाही" अशी आमच्याकडे तक्रार करत, त्यांनी ठणठणीत जगावे.