जो फोन मी उचललाच नाही

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आधी नव्हता आणि हे लिहितानाही नाही, ते पहिल्यांदा सांगून ठेवतो. वडिलांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव बुट्टीत भरून कृष्णेत सोडले. बुट्टी माझ्या डोक्यावर होती. त्या दिवसापासून आमच्यात नवस नाही, अंगारा नाही, अंगात येणं नाही. पुढं शिरोली एमआयडीसीत तीस वर्षं फौंड्रीत मोल्डर म्हणून काढली. साच्यातली वाळू ओली राहिली की लोखंड उसळतं, हे मला कळतं. त्यात कुणाची करणी नसते. शिक्षण चौथी. शुद्धलेखन संपादकांनी बघून घ्यावं, मजकुरात हात घालू नये.

माझा धाकटा भाऊ यशवंता गावीच राहिला, शिरोळजवळ. त्याच्या मुलीला, संगीताला, फिट यायची. 1997 सालची गोष्ट, पोर तेव्हा अकरा वर्षांची. औषध चालू होतं, गुण येत नव्हता. यशवंता कुणाच्या तरी नादानं देवऋष्याकडं गेला, पोरीच्या दंडाला काळा गंडा बांधून आणला आणि तशीच तिला घेऊन विहारात वंदनेला आला. माझं डोकं फिरलं. सगळ्यांच्या देखत मी तिचा दंड धरला, गंडा तोडला आणि बाहेर फेकला. म्हटलं, "बापानं देव नदीत सोडलं, आणि ह्यो परत घरात आणतोय." पोर रडाय लागली. यशवंता तिचा हात धरून निघून गेला.

आठ दिवसांनी पोर चुलीपाशी असताना फिट आली आणि तिचा हात भाजला. गंडा असता तरी फिट आलीच असती, हे मी आजही सांगीन. पण यशवंतानं निरोप धाडला... दादांनी पुन्हा माझ्या दारात येऊ नये. मीही म्हटलं, बोलवल्याबिगर येणार नाही. त्यात नऊ वर्षं गेली.

2006 च्या उन्हाळ्यात संगीतानं माझ्या मुलाला, प्रकाशला, फोन केला. बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय, थोरल्या आबांना म्हणावं एकदा या. थोरलं आबा म्हणजे मी.

"आबा, जाऊन या की," प्रकाश म्हणाला. "मी सोडतो गाडीवरनं."

"मला येऊ नको म्हणणारा तो. त्यानं बोलवावं."

"अवो, ते झोपून हाईत."

"जीभ तर झोपली न्हाय न्हवं? माझा नंबर दे त्याला. फोन कर म्हणावं, लगेच निघतो."

नंबर गेला. फोन प्रकाशनंच घेऊन दिलेला, बटणांचा. हिरवं उचलायला, लाल ठेवायला, एवढंच मला येत होतं. त्या दिवसापासून मी तो फोन अंगावेगळा केला नाही. जेवताना ताटाजवळ, अंघोळीच्या वेळी खिडकीत. चार दिवस वाजला नाही. घरात कुणाला दाखवलं नाही, पण मी वाट बघत होतो. ते इथं कबूल करतो.

पाचव्या दिवशी हातकणंगल्याला तहसील कचेरीत रेशनकार्डाचं काम निघालं. शिरोली फाट्यावर वडाप धरलं. वडाप म्हणजे आमच्याकडची जीप, नऊ जणांच्या जागेत सोळा. हातकणंगल्यात स्टेशनच्या रस्त्याला उतरलो तेव्हा अकरा वाजलेले. कचेरीत रांगेत उभा राहिलो, सवयीनं खिशावर हात गेला — खिसा रिकामा.

वडापातली एकेक तोंडं आठवली. शेजारी बसलेला दाढीवाला, पुढची पिशवीवाली बाई, कंडक्टरकी करणारा तो पानानं रंगलेल्या तोंडाचा... सगळ्यांना मनात चोर ठरवून टाकलं. कचेरीसमोर पिवळ्या पाटीचं एसटीडी होतं. तिथला माणूस माझ्याच वयाचा, खवट.

"माझ्याच फोनला फोन लावायचाय," मी म्हटलं.

"हरावला व्हय? लावा की, पावणं. घेणारा चांगला असंल तर उचलंल."

"हल्ली कोण चांगला असतंय?"

"का? तुमी न्हाय व्हय?"

पहिल्यांदा नुसताच वाजून बंद झाला. थोड्या वेळानं लावला तर एंगेज. परत लावला, परत एंगेज.

"एंगेज येतंय."

"तुमच्या फोनला तुमच्यापरास जास्त काम दिसतंय," तो म्हणाला. मागं थांबलेली माणसं हसली. मी तिथंच स्टुलावर बसलो आणि दर दोन मिनिटाला लावत राहिलो. समोर भिंतीवर घड्याळ होतं. बाराला दहा कमी झाले, बारा झाले, तरी एंगेज. चोरटा आपल्या पावण्यारावळ्यांशी गप्पा मारतोय असं वाटून मी वाईट वाईट बोलत होतो. मग मनात आलं, नेमका आत्ताच यशवंताचा फोन आला तर? तो चोर उचलणार आणि काहीतरी वेडंवाकडं बोलणार, आणि यशवंताला वाटणार दादानंच केलं.

बारा वाजून गेल्यावर घंटी वाजली. कुणीतरी उचलला. पण आवाज नाही, नुसता श्वास.

"कोण हाय? फोन कुणाचा हाय म्हायती हाय का?" आणि पुढं मी जे बोललो ते छापता येणार नाही. मग एका बाईचा आवाज आला.

"मामा, शिव्या देऊ नका. ह्यास्नी बोलता येत न्हाय. स्टेशनच्या रस्त्याला छत्रीवाला इचारा, या आणि घेऊन जावा."

गेलो. झाडाखाली गोणपाटावर एक माणूस छत्र्यांच्या काड्या आणि जुनी कुलपं मांडून बसलेला. गळ्याला कापड गुंडाळलेलं. नाव रसूलभाई. दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, कान मात्र चांगले, असं बायकोनं सांगितलं. ती शेजारी शेंगा विकत होती. तिनं फडक्यात गुंडाळलेला फोन माझ्या हातात दिला.

"वडापातनं उतरताना तुमच्या खिशातनं पडला. ह्यांनी बघितलं, पण हाक मारायची तर कशी?"

"मग इतका वेळ ह्याच्यावर कोण बोलत होतं?"

"कुणी न्हाय. पहिला वाजून बंद झाला, मग आणि एक आलता. मालकाचा असंल म्हणून ह्यांनी बटण दाबलं, कानाला लावला आन बसले ऐकत. मी म्हटलं माझ्याकडं द्या, तर हातातनं सोडनात."

रसूलभाईनं दोन बोटं वर केली.

"दोघं बोलत हुते म्हणत्यात. दोन बापई माणसं."

"क्रॉस कनेक्शन," मी म्हटलं. तेव्हा तसं व्हायचं. मी बोलत होतो आणि तो माणूस माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होता. मला वाटलं, ह्याच्या मनात पाप आहे. त्याच्यासमोरच फोन उलटासुलटा करून बघितला, मागचं झाकणसुद्धा काढलं. तो खाली बघाय लागला. जाताना चहा पाजतो म्हटलं, त्यानं हात जोडून नको म्हटलं. सकाळपासून त्याला चोर म्हणत होतो, त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. मला ते जमत नाही. कधीच जमलं नाही.

घरी आलो. संध्याकाळी पाचला फोन वाजला. संगीता होती.

"थोरलं आबा... बाबा गेले. चारला. सकाळी बोललासा ते लई बरं झालं. शांत गेले."

"कोण बोललं?" मी विचारलं, तोवर तिच्या हातातनं फोन कुणीतरी घेतला आणि नुसतं रडणंच ऐकू आलं. प्रकाशनं माझा फोन घेऊन बटणं दाबली.

"आबा, पावणेबाराला गावाकडनं फोन आलाय. उचललाय. एकोणीस मिनिटं."

बोलावणं आलं नव्हतं, तरी निघालो. नऊ वर्षांनी भावाच्या घरात पाय ठेवला तो असा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं आटोपून घरात येऊन बसलो. जो तो माझा हात धरत होता. शेवटी बोललासा, मोठं मन केलासा. मग संगीता जवळ येऊन बसली.

"मी नंबर लावला आणि बाबांच्या कानाला धरला. मला पण ऐकू येत हुतं. तुम्ही म्हणालासा, 'भोपळ्या, कसा हाईस?' बाबा हसले. किती दिवसांनी हसले. भोपळ्या कशापायी वो, आबा?"

लहानपणी कृष्णेत पोहायला शिकताना आम्ही पाठीला वाळका भोपळा बांधायचो. बाकीची पोरं महिन्या-दोन महिन्यांत भोपळा सोडून पोहायची. यशवंतानं बारा वर्षांचा होईपर्यंत सोडला नाही. म्हणून मी त्याला भोपळ्या म्हणायचो. त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं माझ्याकडनं वचन घेतलं, दादा, बायकोसमोर हे नाव काढायचं नाही. मी ते पाळलं. तीस वर्षं ते नाव माझ्या तोंडात आलं नव्हतं. आमच्याबरोबर पोहणारी पोरं कधीच मरून गेली. त्या घरात ते नाव कुणाला माहीत असायचं कारण नाही.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढं तुम्ही म्हणालासा, 'चुकलं माझं. पोरीला लई लागलं न्हवं?' बाबा रडाय लागले. आम्हाला म्हणाले, बाहेर जावा, दादाला एक सांगायचंय. आम्ही दार ओढून घेतलं. आत लई वेळ बोलत हुते."

चुकलं माझं. हे शब्द मी बायकोला म्हटलेले नाहीत, फौंड्रीच्या मालकाला म्हटलेले नाहीत.

यशवंताची बायको शालन भिंतीला टेकून बसली होती. तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "दादा, काय म्हणाले ते? शेवटचं बोलणं तुमच्याशी झालं. आमच्याशी पाणी मागण्यापलीकडं बोलले न्हाईत."

मी खोटं बोलत नाही. सांगितलं, "शालन, मी बोललो न्हाय. फोन माझ्याजवळ नव्हता, हरावला हुता." वडाप, एसटीडी, रसूलभाई, सगळं सांगितलं. शालननं पदरानं तोंड पुसलं.

"एवढा एक शब्द चांगला बोललासा, तो परत घ्यायला आलासा व्हय? सरण अजून इझलं न्हाय."

"अगं, शब्द माझा न्हवताच..."

"मग कुणाचा? भुताचा? माझ्या पोरीचा गंडा तोडणाऱ्यानं मला भूत सांगावं?"

मी उठलो आणि चप्पल घातली. कुणी थांबवलं नाही.

आठ दिवसांनी हातकणंगल्याला रसूलभाईकडं गेलो. यशवंताचं बोलणं ऐकलेला जगात तेवढा एकच माणूस होता. त्याच्या गोणपाटावर खाली बसलो. म्हटलं, "एकोणीस मिनिटं तुम्ही ऐकलंय. माझा भाऊ काय म्हणाला, तेवढं सांगा. हातानं सांगा, लिहून द्या, कसंबी."

त्याला लिहिता येत नव्हतं. त्यानं हातातली छत्री बाजूला ठेवली, बोट माझ्या छातीला लावलं, मग माझ्या ओठांकडं केलं, मग स्वतःच्या कानाला लावलं. बायको सांगायला कचरत होती.

"काय म्हणत्यात?"

"म्हणत्यात, दुसरा आवाज तुमचाच हुता. त्या दिवशी तुम्ही भांडत आलासा, तवाच वळखला. बोलणारं तुम्हीच, मग मला काय इचारता?"

"बरं, माझाच. पण भाऊ काय म्हणाला?"

रसूलभाईनं मान हलवली आणि मूठ छातीशी धरली.

"दोघा भावांतलं हाय म्हणत्यात. चुकून कानावर पडलं. दुसऱ्याचं बोलणं बाहेर काढणार न्हाईत."

मी हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी हात जोडले. त्यानं छत्री उचलली आणि काडी शिवायला लागला. त्यानंतर तीनदा गेलो. तो चहा द्यायचा, बाकी काही नाही. पावसाळ्यानंतर गेलो तर झाडाखाली बाई एकटीच शेंगा घेऊन बसलेली. म्हणाली, गेले.

मोबाईलच्या दुकानात विचारलं, टॉवरवर काम करणाऱ्या एका इंजिनीअरला विचारलं. क्रॉस कनेक्शन झालं असेल म्हणाले. मग त्यात माझा आवाज कुठनं आला, भोपळ्या कुठनं आलं, ते सांगत नाहीत. कुणी म्हणतं आत्म्याची ओढ. ते मी ऐकून घेत नाही. त्या वेळी मी एसटीडीच्या स्टुलावर बसून नंबर फिरवत होतो, हे बघणारी दहा माणसं होती. रसूलभाईची बायको खोटं बोलली म्हणावं, तर संगीतानं तेच ऐकलं. रसूलभाईला खोटा म्हणावं, तर त्यानं फोन परत दिला, आणि भावाचं बोलणं माझ्यासमोरसुद्धा उघडं केलं नाही. सगळे खरे. आणि मीही खरा. कसं ते मला आजपर्यंत कुणी समजावून दिलेलं नाही.

यशवंताच्या पहिल्या स्मृतिदिनाला शालननं प्रकाशकडं निरोप दिला, दादांनी एकदा फक्त म्हणावं, मी बोललो. दार उघडं हाय. मी गेलो नाही. संगीताच्या लग्नाची पत्रिका आली नाही.

प्रकाश अजून म्हणतो, "आबा, म्हणून टाका की, बोललो म्हणून. तुमचं काय जातंय?"

त्याला कळत नाही. मी बोललो म्हटलं, की शालन पुढचा प्रश्न विचारणार... काय म्हणाले ते?

ते मला माहीत नाही.